पार्टिशन बदललं, आता स्वॅप सापडत नाही

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून बघणाऱ्या वाचकांचे प्रश्न सारखे येतायत. आधी डी ड्राइव्ह कमी करायचा, मग जागा काढायची, मग तिथे लिनक्स, मग अजून एक लिनक्स, आणि या सगळ्या कापाकापीत स्वॅप (म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) कुठेतरी बिनसतं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत.

एक सूचना आधीच देते. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिलीयेत, म्हणजे एलएसबीएलके असं दिसलं की एल, एस, बी, एल, के ही इंग्रजी अक्षरं सलग टाईप करायची, सगळी छोटी. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं सांगितलंय.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपमध्ये 1 टीबीची हार्ड डिस्क आणि 8 जीबी रॅम आहे, मिंट लिनक्स छान चाललं होतं. डी ड्राइव्ह उडवून त्या जागेत डेबियन हे दुसरं लिनक्स टाकलं. डेबियन मस्त चालतंय पण आता मिंट सुरू करताना काळ्या स्क्रीनवर दीड मिनिट अडकून राहतं, "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" असं काहीतरी येतं आणि मग सुरू होतं. सुरू झाल्यावर स्वॅप शून्य दाखवतंय. मिंट परत टाकू का? (सांगली)

नको, अजिबात परत टाकू नकोस. तुझ्या मिंटला काहीही झालेलं नाहीये. ते दीड मिनिट आहे ना, तीच सगळ्यात मोठी खूण आहे. एखादं पार्टिशन हवंय पण सापडत नाही असं झालं की सिस्टिमडी (लिनक्स सुरू होताना सगळं चालू करणारा प्रोग्रॅम) डिफॉल्टने 90 सेकंद वाट बघतं आणि मग सोडून देऊन पुढे जातं. म्हणजे मिंट कुठलंतरी पार्टिशन शोधतंय जे त्या ओळखीने आता डिस्कवर नाहीच.

झालंय काय ते सांगते. डेबियनच्या इन्स्टॉलरला डिस्कवर आधीपासून स्वॅप पार्टिशन दिसलं की तो ते स्वतःसाठी वापरायला घेतो आणि तसंच पुढे गेलं तर ते नव्याने फॉरमॅटही करतो. स्वॅप फॉरमॅट करणारी कमांड म्हणजे एमकेस्वॅप, आणि ती दर वेळी पार्टिशनला नवीन युयुआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, देते. एसडीए5, एसडीए6 ही नावं म्हणजे रांगेतला नंबर, पुढचा माणूस निघून गेला की बदलणारा, आणि युयुआयडी म्हणजे आधार नंबर समज. पार्टिशन तेच, जागा तीच, पण आधार नंबर बदलला, आणि मिंटच्या वहीत अजून जुनाच नंबर लिहिलेला आहे. ती वही म्हणजे ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब नावाची फाइल.

आता बघायचं कसं. मिंटमध्ये टर्मिनल उघड आणि एलएसबीएलके -एफ दे. सगळी पार्टिशन्स, त्यांचे फाइल सिस्टिमचे प्रकार आणि युयुआयडी ओळीने दिसतील, त्यात ज्याच्यापुढे स्वॅप लिहिलंय त्याचा युयुआयडी कॉपी कर. मग एफएसटॅब उघडून स्वॅपची ओळ बघ. दोन्ही नंबर वेगळे निघाले की निदान पक्कं झालं. एफएसटॅबची एक कॉपी आधी काढून ठेव, मग सुडो नॅनोने ती फाइल उघड, फक्त त्या एका ओळीतला जुना युयुआयडी खोडून नवीन टाक, बाकी कशालाही हात लावू नकोस. सेव्ह केल्यावर सुडो सिस्टिमसीटीएल डिमन-रीलोड, मग सुडो स्वॅपऑन -ए, आणि शेवटी स्वॅपऑन --शो. यात तुझं पार्टिशन दिसलं की झालं. रीबूट करायच्या आधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय ही कमांड पण दे, ती एफएसटॅबमध्ये काही चुकीचं राहिलंय का ते सांगते, आणि ती फाइल हाताने बदलली की हे तपासायची सवय ठेवच.

पण इथे बरेच जण थांबतात आणि मग म्हणतात की दीड मिनिट गेलं पण अजून अर्धा मिनिट लागतोच, आणि "गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस" असं येतं. त्याचं कारण वेगळ्या जागी आहे. मिंट, उबुंटू, डेबियन या सगळ्यांत हायबरनेटमधून परत येण्यासाठी स्वॅपचा युयुआयडी अजून एका ठिकाणी लिहिलेला असू शकतो : ईटीसीमध्ये इनिटरामएफएस-टूल्स, त्यात कॉन्फ.डी, आणि त्यात रिझ्यूम नावाची फाइल. ती असेल तर तिथेही नवीन युयुआयडी टाक, हायबरनेट वापरतच नसशील तर रिझ्यूम बरोबर नन असं लिही (रिझ्यूम मोठ्या अक्षरांत, नन छोट्या), आणि मग सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू द्यायला विसरू नकोस, कारण बूट होताना जी छोटी सिस्टिम आधी लोड होते तिच्यात ही माहिती भरलेली असते आणि ती नुसती फाइल बदलून बदलत नाही. कधीतरी ईटीसी डिफॉल्टमधल्या ग्रब (सुरुवातीचा बूट मेनू) फाइलमध्येही रिझ्यूमची नोंद केलेली असते, तीही बघून घे, आणि ती बदललीस तर मागून सुडो अपडेट-ग्रब.

उलटं करायचा मोह होईल, म्हणजे स्वॅपलेबल -यू (यू मोठं) ने पार्टिशनलाच जुना युयुआयडी परत द्यायचा. होतं तसं, पण मग डेबियनच्या एफएसटॅबमध्ये नवा नंबर आहे त्यामुळे डेबियन अडकेल. त्यापेक्षा मिंटची वही सुधारणं बरं.

आणि एक गोष्ट खूप महत्त्वाची. दोन लिनक्स एकच स्वॅप वापरत असतील तर एकाला हायबरनेट करून दुसरं कधीही सुरू करायचं नाही. हायबरनेट म्हणजे रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये लिहून ठेवणं, आणि दुसरी सिस्टिम तेच स्वॅप आपलं म्हणून वापरायला लागली की ते सगळं गेलं. त्यात दोघांनी एखादं डेटा पार्टिशनही शेअर केलं असेल तर त्या फाइल सिस्टिमचीही वाट लागू शकते. हायबरनेट हवंच असेल तर प्रत्येकाला वेगळं स्वॅप दे.

प्रश्न : लाइव्ह यूएसबीवरून जीपार्टेड उघडलं तरी एक्स्टेंडेड पार्टिशनवर कुलूप दिसतं आणि रिसाइजचा पर्याय उजळतच नाही. काहीच माउंट केलेलं नाही. काय करू? (नाशिक)

माउंट काही नसलं, म्हणजे कुठलं पार्टिशन उघडलेलं नसलं, तरी स्वॅप चालू असणार. बऱ्याच लाइव्ह यूएसबी (पेन ड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स) सुरू होतानाच डिस्कवर स्वॅप दिसलं की ते वापरायला घेतात, आणि तुमचं स्वॅप त्या एक्स्टेंडेडच्या पोटात आहे, म्हणून आतलं एक चालू म्हणून बाहेरचं सगळं कुलूपबंद. स्वॅपच्या ओळीवर राइट क्लिक करा, स्वॅपऑफ निवडा, कुलूप जाईल. टर्मिनलवरून करायचं तर सुडो स्वॅपऑफ -ए. रॅम फार भरलेली असेल तर स्वॅपऑफ मेमरी पुरत नाही म्हणून नकार देतं, तेव्हा लाइव्हमधला ब्राउझर वगैरे बंद करून परत द्या.

त्याआधी मुख्य सिस्टिम हायबरनेटमध्ये नाही, नीट शटडाउन केलेली आहे एवढी खात्री करा.

आणि स्वॅप पार्टिशन सरकवत बसू नका. त्यात ठेवण्यासारखा डेटा नसतो, ते डिलीट करून बाकीची हलवाहलव करून शेवटी नवीन बनवलं तर खूप वेळ वाचतो. फक्त नवीन बनवलं म्हणजे युयुआयडी नवीन, आणि मग वरचं सांगलीचं उत्तर तुम्हालाही लागू. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर अजून एक होतं, लॉजिकल पार्टिशन्स 5 पासून मोजली जातात, त्यातलं मधलं एक डिलीट केलं की मागच्यांचे नंबर एकेकाने पुढे सरकतात, काल एसडीए7 होतं ते आज एसडीए6. ज्यांच्या एफएसटॅबमध्ये अजून एसडीए अमुक असंच लिहिलेलं आहे त्यांनी या निमित्ताने तिथे युयुआयडी टाकून घ्या.

प्रश्न : पार्टेड कमांडने स्वॅप पार्टिशन 2 जीबीचं 8 जीबी केलं. पार्टिशन 8 दिसतं पण फ्री -एच मध्ये स्वॅप 2 जीबीच. आणि 8 जीबी पुरेल का? (चिंचवड)

पार्टेडने भिंती सरकवल्या, पण स्वॅपच्या सुरुवातीला एक हेडर असतं त्यात किती जागा वापरायची ते लिहिलेलं असतं आणि ते अजून 2 जीबीचंच आहे. हेडर नव्याने लिहायला लागेल : सुडो स्वॅपऑफ, मग सुडो एमकेस्वॅप -यू (यू मोठं) आणि पुढे जुना युयुआयडी आणि पार्टिशनचं नाव, मग स्वॅपऑन. जुना युयुआयडी हाताने दिला की एफएसटॅबला हात लावायला लागत नाही, म्हणून एमकेस्वॅपच्या आधी बीएलकेआयडी देऊन तो टिपून ठेवा. जीपार्टेडमधून रिसाइज केलं असतं तर त्याने हे सगळं स्वतःच केलं असतं, युयुआयडीसकट.

उलट केलं, म्हणजे पार्टिशन लहान केलं आणि हेडर मोठंच राहिलं, तर स्वॅप चालूच होत नाही, "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" म्हणतं, आणि डीएमईएसजी या कमांडमध्ये बघितलं की स्वॅपची जागा हेडरमध्ये लिहिल्यापेक्षा कमी आहे अशी कर्नलची तक्रार दिसते. उपाय तोच. आता 8 जीबी पुरेल का असंही तुम्ही विचारलंय, तर हायबरनेट हवं असेल तर रॅमइतकं स्वॅप ठेवा म्हणजे कधी अडत नाही, नको असेल तर रोजच्या वापराला 2 ते 4 जीबी पुष्कळ. रॅमच्या दुप्पट हा जुना नियम 256 एमबी रॅमच्या काळातला आहे, 16 जीबी रॅमला 32 जीबी स्वॅप देऊन डिस्क वाया घालवू नका.

प्रश्न : ताई, खूप टेन्शनमध्ये लिहितोय. मी लग्नाचे फोटो काढतो. पार्टिशन केल्यावर स्वॅप चालत नव्हतं म्हणून इंटरनेटवरची कमांड कॉपी केली, सुडो एमकेस्वॅप एसडीबी1. एंटर दाबल्यावर "वॉर्निंग : वायपिंग ओल्ड ईएक्सटी4 सिग्नेचर" असं आलं तेव्हा कळलं की एसडीबी1 म्हणजे माझी फोटोंची डिस्क होती. आता ती उघडतच नाही. तीन लग्नांचे फोटो त्यात आहेत आणि एकाचा अल्बम अजून द्यायचाय. काही होईल का? (कोल्हापूर)

होईल, बहुतेक सगळं परत मिळेल, पण त्यासाठी आत्ता घाईत काही करायचं नाही. डिस्क फॉरमॅट करायची नाही, एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) नुसतं चालवायचं नाही, कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करायचं नाही.

धीर येण्यासाठी आधी हे समजून घ्या की एमकेस्वॅप अख्खी डिस्क पुसत नाही. ते पार्टिशनचं फक्त पहिलं पान लिहितं, म्हणजे 4096 बाइट. त्या पहिल्या 4 केबीमध्ये ईएक्सटी4 चा (ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमची मुख्य माहिती असते, पार्टिशनच्या सुरुवातीपासून 1024 बाइटवर, तो गेला म्हणून डिस्क ओळखू येत नाहीये. फोटो जिथल्या तिथे आहेत. आणि ईएक्सटी4 बनवणाऱ्यांनी सुपरब्लॉकच्या कॉप्या पार्टिशनमध्ये पुढे ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात, नेहमीच्या 4 केबी ब्लॉकच्या फाइल सिस्टिममध्ये पहिली कॉपी 32768 नंबरच्या ब्लॉकवर असते. आपल्याला तीच वापरायचीये.

पण सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, एमकेस्वॅपनंतर तुम्ही स्वॅपऑन दिलं होतं का. स्वॅपऑन --शो देऊन लगेच बघा. त्यात एसडीबी1 दिसत असेल तर सुडो स्वॅपऑफ देऊन ताबडतोब बंद करा, एफएसटॅबमध्ये तशी ओळ टाकली असेल तर काढा. स्वॅप नुसतं चालू झालं पण वापरलं गेलं नसेल, म्हणजे यूज्ड खाली शून्य असेल, तरी काही बिघडलेलं नाही. जेवढं वापरलं गेलं तेवढ्या जागेवर मात्र दुसरं काहीतरी लिहिलं गेलं असं धरून चाला. आणि लाइव्ह यूएसबीवरून बूट करून हे काम करू नका, कारण नाशिकच्या उत्तरात लिहिलं तसं लाइव्ह सिस्टिमला स्वॅपची खूण दिसली की ती ते वापरायला लागते, आणि आत्ता तुमच्या फोटोंच्या डिस्कवर नेमकी तीच खूण आहे. तुमची मुख्य सिस्टिम नीट चालतीये, तिथूनच करा.

पहिलं काम कॉपी. त्या डिस्कएवढी किंवा मोठी दुसरी डिस्क विकत घ्या, उसनी आणा, पण आणा. डीडीरेस्क्यू वापरून एसडीबी1 ची पूर्ण इमेज त्या दुसऱ्या डिस्कवर फाइल म्हणून घ्या. 1 टीबीला यूएसबी 3 वरसुद्धा काही तास जातील, जाऊ देत. पुढचं सगळं आधी त्या इमेजवर करायचं. मी यावर एवढा जोर देतेय कारण पुढच्या पायरीवर काही चुकलं तरी मूळ डिस्क जशीच्या तशी तुमच्याकडे राहते, आणि कोणी तिऱ्हाईताने बघायची वेळ आली तर त्यालाही काहीतरी शिल्लक लागतं.

मग ईटूएफएससीके -एन -बी 32768 -बी 4096 आणि पुढे इमेज फाइलचं नाव, यातलं पहिलं बी छोटं आणि दुसरं मोठं. -एन म्हणजे फक्त बघ, काही लिहू नकोस. याने फाइल सिस्टिम ओळखली, थोड्याफार तक्रारी केल्या पण आत गेली, तर समजा काम झालं. आता तीच कमांड -एन काढून द्या आणि विचारेल त्याला हो म्हणा. त्यानंतर एक छोटी गोष्ट उरते जी बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. सुपरब्लॉक परत आला तरी स्वॅपची खूण त्याच पहिल्या पानाच्या शेवटी, 4086 व्या बाइटवर, तशीच राहते आणि मग सिस्टिमला एकाच जागी ईएक्सटी4 पण दिसतं आणि स्वॅप पण, त्यामुळे माउंट करताना गोंधळ होतो. सुडो वाइपएफएस नुसतं दिलं की दोन्ही खुणा त्यांच्या जागांसकट दिसतात, काही पुसलं जात नाही. स्वॅपची जागा 0एक्सएफएफ6 अशी दिसेल. मग वाइपएफएस --बॅकअप -ओ 0एक्सएफएफ6 देऊन फक्त तेवढीच पुसायची. इथे -ए कधीही द्यायचं नाही, त्याने ईएक्सटी4 चीही खूण जाईल.

इमेज रीड-ओन्ली माउंट करून फोटो उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका, प्रत्येक लग्नातले थोडे थोडे उघडून झूम करून बघा. सगळं नीट असेल तर फोटो तिसऱ्या जागी कॉपी करा आणि मगच मूळ डिस्कला हात लावा. 32768 वर काही मिळालं नाही तर 98304 आणि 163840 या ब्लॉकवर अजून कॉप्या असतात, तिथे बघा. स्वॅप खूप वापरलं गेलं असेल आणि यातलं काहीच चाललं नाही तर फोटोरेक आहे, ते फाइल सिस्टिमकडे न बघता थेट फोटो हुडकतं, त्यात फाइलची नावं आणि फोल्डर जातात पण फोटो मिळतात.

हाच प्रकार विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर झाला असेल तर तिथे बूट सेक्टर जातो, त्याची एक कॉपी पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरवर असते आणि टेस्टडिस्क ती परत आणू शकतं. तिथेही आधी इमेज, मग बाकीचं.

आणि सगळ्याच वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, एमकेस्वॅप विचारत नाही. पार्टिशन माउंट असेल तर तेवढा नकार देते, नाहीतर एक वॉर्निंग छापून मोकळी होते. एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक बूटला तीच राहतील याची खात्री नसते, दुसरी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावला की अदलाबदल होऊ शकते. स्वॅप चालत नाही म्हटल्यावर दहातल्या नऊ वेळा स्वॅप शाबूत असतं, त्याचा पत्ता चुकलेला असतो. म्हणून आधी एलएसबीएलके -एफ, मग एफएसटॅब, आणि एमकेस्वॅप अगदी शेवटी, पार्टिशनचा आकार आणि प्रकार दोन्ही डोळ्यांनी बघून.

प्रश्न : माझा विंडोजचा प्रश्न आहे, चालेल ना? सी ड्राइव्हमध्ये 180 जीबी रिकामे आहेत पण श्रिंक व्हॉल्यूम फक्त 20 जीबी देतो. आणि भावाच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्हची अक्षरं बदलल्यापासून प्रत्येक वेळी "विंडोज क्रिएटेड अ टेम्पररी पेजिंग फाइल" असा मेसेज येतो. (रत्नागिरी)

चालेल की, पेजफाइल म्हणजे विंडोजचं स्वॅपच. भावाचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. पेजफाइल डी ड्राइव्हवर ठेवायची सेटिंग कधीतरी केलेली असणार, आणि आता डी चं ई झालं किंवा डी उरलाच नाही. स्टार्टमध्ये ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज शोधा, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, त्यात ॲडव्हान्स्ड टॅब, व्हर्च्युअल मेमरी, चेंज. सगळ्यात वर "ऑटोमॅटिकली मॅनेज" ला टिक करा, ओके, रीस्टार्ट.

तुमचं असं आहे की श्रिंक व्हॉल्यूम जागेवरून न हलणाऱ्या फाइलच्या पुढे जात नाही, आणि पेजफाइल, हायबरनेटची फाइल, रिस्टोअर पॉइंट ही सगळी त्यातलीच. व्हर्च्युअल मेमरीत जाऊन सी साठी नो पेजिंग फाइल करा आणि सेट दाबा, ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी /एच ऑफ द्या, सिस्टिम प्रोटेक्शन थोड्या वेळासाठी बंद करा (जुने रिस्टोअर पॉइंट यात जातात हे लक्षात ठेवा), रीस्टार्ट करा आणि परत श्रिंक करून बघा. अजूनही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये 259 नंबरचा इव्हेंट शोधा, कुठल्या फाइलने अडवलंय तिचं नाव त्यात असतं. काम झालं की पेजफाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करा, 8 जीबी रॅमवर पेजफाइलशिवाय चालवलं तर क्रोमचे चाळीस टॅब उघडल्यावर प्रोग्रॅम मधेच बंद पडायला लागतात.

हायबरनेट मात्र लिनक्स शेजारी टाकणार असाल तर बंदच राहू दे. फास्ट स्टार्टअप त्यावरच चालतं, आणि ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून सी ड्राइव्ह नीट उघडता येत नाही. अजून एक, पार्टिशनला हात लावायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघा. असेल तर सस्पेंड करा आणि 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : जुनं उबुंटू आहे, इन्स्टॉल करताना होम फोल्डर एन्क्रिप्ट केलं होतं. पार्टिशन बदलल्यावर बूटला क्रिप्टस्वॅप1 ची वाट बघत थांबतं. (मडगाव)

तुमचा प्रश्न छोटा असला तरी धोका मोठा आहे म्हणून पुन्हा बूट करण्याआधी ईटीसीमधली क्रिप्टटॅब फाइल बघा. क्रिप्टस्वॅप1 च्या ओळीत पार्टिशनचं नाव आणि पुढे डेव्ह/युरँडम असं असेल. याचा अर्थ प्रत्येक बूटला नवीन रँडम किल्ली घेऊन ते पार्टिशन नव्याने स्वॅप म्हणून बनवायचं. तिथे एसडीए5 असं लिहिलेलं असेल आणि नंबर सरकून आता एसडीए5 म्हणजे तुमचा डेटा असेल तर बूटच त्यावर स्वॅप बनवायला जाऊ शकतं. डेबियन आणि उबुंटू आधी तिथे फाइल सिस्टिम आहे का ते तपासतात, पण त्या तपासणीच्या भरवशावर डेटा ठेवू नये. आणि इथे युयुआयडीचाही उपयोग नाही, कारण दर वेळी नव्याने बनतं म्हणून स्वॅपचा युयुआयडी टिकतच नाही. जीपीटी (एमबीआरनंतरच्या नव्या पद्धतीची) डिस्क असेल तर पार्टयुयुआयडी (सगळी अक्षरं मोठी) वापरा, तो पार्टिशन टेबलमध्ये असतो, आतलं पुसलं तरी राहतो. बीएलकेआयडी दिल्यावर दिसेल. सध्या घाई असेल तर क्रिप्टटॅबमधली ओळ आणि एफएसटॅबमधली क्रिप्टस्वॅप1 ची ओळ, दोन्हींच्या सुरुवातीला हॅश लावून ठेवा, स्वॅपशिवाय चालेल थोडे दिवस.

प्रश्न : हे सगळं वाचून वाटतं की स्वॅप पार्टिशन ठेवूच नये. नुसती स्वॅप फाइल चालेल का? माझ्याकडे 4 जीबी रॅम, 240 जीबी एसएसडी, झुबुंटू. (अकोला)

चालेल, आणि घरगुती वापराला माझं मत तरी फाइलच्याच बाजूने आहे. उबुंटूने 17.04 पासून नवीन इन्स्टॉलला पार्टिशनऐवजी फाइलच द्यायला सुरुवात केली. फाइल हळू चालते ही समजूत फार जुनी आहे, कर्नल फाइलचे ब्लॉक डिस्कवर कुठे आहेत ते एकदा बघून ठेवतं आणि मग थेट तिथेच लिहितं. फायदा म्हणजे उद्या 4 चं 6 जीबी करायचं तर स्वॅपऑफ, फाइल डिलीट, नवीन फाइल, पार्टिशन टेबलला हात लावायची वेळच येत नाही.

बनवताना सुडो एफॲलोकेट -एल 4जी /स्वॅपफाइल (इथला जी मोठा), मग सुडो सीएचमॉड 600, हे टाळू नका, नाहीतर त्याच कॉम्प्युटरवरचा दुसरा यूजर तुमच्या मेमरीतलं वाचू शकतो. मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन, आणि एफएसटॅबमध्ये ओळ : /स्वॅपफाइल नन स्वॅप एसडब्ल्यू 0 0. स्वॅपऑनने फाइलमध्ये होल्स आहेत म्हणून नकार दिला तर डीडी वापरून शून्यांनी भरलेली फाइल बनवा. रूट पार्टिशन (ज्यात लिनक्स बसलेलं असतं ते) बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचं असेल तर ही पद्धत चालत नाही, तिथे कॉपी-ऑन-राइट बंद असलेली फाइल लागते आणि कर्नल 5.0 किंवा पुढचं, नव्या बीटीआरएफएस टूल्समध्ये त्यासाठी एमकेस्वॅपफाइल अशी वेगळी कमांडच आहे. झुबुंटू सहसा ईएक्सटी4 वर असतं, तुम्हाला अडायचं नाही.

एकाच बाबतीत पार्टिशन बरं पडतं, हायबरनेट. फाइलवरही हायबरनेट होतं पण फाइल डिस्कवर कुठे सुरू होते तो आकडा फाइलफ्रॅग -व्ही ने काढून बूटच्या पर्यायांत रिझ्यूम ऑफसेट म्हणून द्यावा लागतो, आणि फाइल परत बनवली की तो आकडा बदलतो. रोज हायबरनेट करणाऱ्याने पार्टिशनच ठेवावं.

4 जीबी रॅमला झीरॅम पण बघा. त्यात रॅमचाच एक भाग कॉम्प्रेस करून स्वॅपसारखा वापरतात, डिस्कला हातच लागत नाही, फेडोराने 33 व्या आवृत्तीपासून हेच डिफॉल्ट केलंय. झीरॅम आणि स्वॅप फाइल दोन्ही एकदम चालतात, फक्त झीरॅमची प्रायॉरिटी जास्त ठेवायची म्हणजे आधी ते भरतं आणि अगदीच लागलं तर डिस्क.

जुनं पार्टिशन लगेच उडवू नका. आधी फाइल चालू करा, एफएसटॅबमधल्या जुन्या ओळीला हॅश लावा, रिझ्यूमची फाइल बदलून अपडेट-इनिटरामएफएस -यू द्या, दोन-चार वेळा रीबूट करून स्वॅपऑन --शो मध्ये फक्त फाइल दिसतेय ना ते बघा. मग लाइव्ह यूएसबीवरून ते पार्टिशन काढा, आणि ते डिस्कवर रूटच्या लगेच नंतर असेल तर ती जागा रूटला जोडून टाका. रूटच्या आधी असेल तर रूटची सुरुवातच सरकवावी लागते, त्याला बराच वेळ लागतो आणि मधेच लाइट गेली तर डेटा जायची भीती असते, तेव्हा तेवढ्या 4 जीबीसाठी ते करू नका, ती जागा तशीच सोडा.